ट्रायकोकार्ड लावूनही भेंडीतली अळी हटत नाही : दोष कार्डात की पंपात?

तक्रार ठरलेली असते. दर आठवड्याला ट्रायकोकार्ड, म्हणजे आत ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड लावलं, पट्ट्या नीट टाचल्या, तरी भेंडीच्या शेंड्यात आणि फळात अळी आहेच. पुढच्या हंगामातही तेच. मग एकतर कार्ड देणाऱ्याच्या नावाने खडे फोडायचे, नाहीतर ‘हे जैविक वगैरे कागदावरच चालतं’ म्हणून मोकळं व्हायचं. मुरबाड, शहापूर, अंबरनाथकडे भात कापून झाला की नोव्हेंबर-डिसेंबरात भेंडी लागते आणि फेब्रुवारीपासून ही तक्रार सुरू होते.

अशा वेळी कार्डाच्या आधी फवारणीची वही उघडावी. बहुतेक ठिकाणी असं दिसतं, की ट्रायकोग्रामा बाहेर पडला खरा, पण पतंगाच्या अंड्यापर्यंत पोचण्याआधीच पानावरच्या औषधाने मेला. गंमत म्हणजे ते औषध अळीसाठी मारलेलंच नसतं. पांढऱ्या माशीसाठी, तुडतुड्यांसाठी, नाहीतर भुरीसाठी मारलेलं असतं. त्यामुळे ‘अळीचं औषध तर बंदच केलंय’ हे शेतकऱ्याचं म्हणणं खरं असतं आणि कार्ड वाया जाणंही खरं असतं.

औषध त्याला नेमकं कुठे गाठतं

ट्रायकोग्रामा हा अंड्यावरचा परोपजीवी. पूर्ण वाढलेला किडा जेमतेम अर्धा मिलिमीटर. ट्रायकोग्रामाची मादी पतंगाच्या ताज्या अंड्यात आपलं अंडं घालते, तिची अळी आतला गर खाते आणि पतंगाची अळी बाहेर येण्याऐवजी आणखी एक ट्रायकोग्रामा बाहेर येतो. भेंडी, वांगी, टोमॅटोसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस वापरतात, भाताच्या खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम. प्रयोगशाळेत तो तांदळातल्या पतंगाच्या, म्हणजे कॉर्सायराच्या अंड्यांवर वाढवतात आणि तीच अंडी कार्डावर चिकटवलेली असतात. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी. परोपजीवी झालेलं, म्हणजे आत ट्रायकोग्रामा वाढत असलेलं अंडं चौथ्या दिवसाच्या सुमारास काळं पडतं आणि २६ ते २८ अंश तापमानात सातव्या-आठव्या दिवशी त्यातून किडा निघतो.

काळ्या अंड्याच्या आत असेपर्यंत त्याला कवचाचा आडोसा असतो. बऱ्याच औषधांची फवारणी थेट अंड्यावर झाली तरी आतला कोष तगतो. इथेच लोक फसतात. ‘कार्ड लावलं त्याच दिवशी औषध मारलं, तरी दोन दिवसांनी अंड्यांना भोकं पडलेली दिसली, म्हणजे किडा सुखरूप निघाला’ असा हिशेब मांडला जातो. पण बाहेर यायला त्याला ते कवच तोंडाने कुरतडावं लागतं आणि कवचावर औषधाचा थर असेल तर कुरतडतानाच विष तोंडात जातं. भिंगाखाली अशी अंडी ओळखू येतात. भोक अर्धवट पडलेलं असतं आणि त्यात किड्याचं डोकं अडकून वाळलेलं असतं. जे निघतात ते पानावर चालतात, पायांना आणि मिश्यांना औषध लागतं. इतक्या लहान जिवाला मरायला पानावर उरलेला अंशही पुरतो. त्यापेक्षा कितीतरी मोठी भेंडीची अळी त्याच पानावर मजेत फिरत असते.

किडा मेला नाही तरी काम बिघडतं, हा भाग सहसा कुणी मोजत नाही. अंशाच्या संपर्कात आलेली मादी कमी जगते, कमी अंडी घालते, यजमानाचं अंडं आणि जोडीदार हुडकण्यात कमी पडते. गांधीलमाश्यांच्या या कुळात फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर. मीलन नीट झालं नाही की पुढच्या पिढीत नरच नर. नर काही अंडी नासवत नाहीत. कार्डावरून बाहेर पडलेले किडे जिवंत दिसतात, दुसरी पिढी मात्र उभी राहत नाही. ‘पहिल्या दोन कार्डांनी फरक पडला, मग थांबला’ या तक्रारीमागे हेही असू शकतं.

आधी साध्या शंका फेडून घ्या

सगळं खापर औषधावर फोडण्याआधी तीन गोष्टी तपासा.

एक, कार्ड लावलं तेव्हा अळी आधीच फळात होती का? ट्रायकोग्रामा अंड्यालाच लागतो, अळीला त्याचं काही नाही. किडकी फळं दिसायला लागल्यावर पहिलं कार्ड लावलं, तर त्या आठवड्याचं नुकसान टळणार नाहीच.

दोन, कार्ड जिवंत होतं का? वापरण्याआधी दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली एका पट्टीवरची १०० अंडी मोजा. ८५ ते ९० अंडी तरी काळी हवीत. पिवळट-पांढरी जास्त असतील तर कार्ड कमी प्रतीचं. काळ्या अंड्यांना आधीच गोल भोकं असतील तर किडे वाटेतच निघून गेले. कार्डावर बारीक जाळ्या आणि रांगणाऱ्या अळ्या दिसल्या, तर त्या कॉर्सायराच्या. अंड्यांवर अतिनील किरणांची प्रक्रिया नीट झालेली नाही. कार्डावर किडे निघण्याची तारीख लिहिलेली असते, ती बघूनच घ्या. ठेवायचं तर फ्रिजमध्ये ५ ते १० अंशांत, दहा-पंधरा दिवसांच्या वर नको, आणि बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नको. दुपारी गाडीच्या काचेखाली तासभर राहिलेलं कार्ड लावण्यात अर्थ नाही.

तीन, लावण्याची पद्धत. एकरी २०,००० म्हणजे आठवड्याला एक कार्ड. ट्रायकोग्रामा फार लांब जात नाही, दहाएक मीटरच्या आतच त्याचं खरं काम. म्हणून कार्डाचे ४० तुकडे करा आणि गुंठ्याला एक तुकडा या हिशेबाने लावा. प्रत्येक तुकड्यावर ५०० अंडी येतात. दहा-बारा मोठ्या पट्ट्या बांधावर लावून मधलं शेत मोकळं सोडायचं, हे बरेच जण करतात आणि मधल्या ओळी किडल्या की कार्डाला बोल लावतात. तुकडा पानाच्या खालच्या बाजूला, अंडी खाली राहतील असा, संध्याकाळी टाचा. मुंग्या एका रात्रीत तुकडा साफ करतात, म्हणून देठावर पेट्रोलियम जेलीचा पातळ कडा द्या. मुंग्यांचा खडू ओढू नका. त्यात पायरेथ्रॉइड असतं आणि ज्याला वाचवायचं तोच त्यावरून चालत जातो.

हे तिन्ही ठीक असेल, तर मग औषधाकडे वळायचं.

बरणीतली चाचणी

पानावर मारक अंश उरलाय का, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. कधीही औषध न ठेवलेल्या, साबणाने धुऊन वाळवलेल्या दोन काचेच्या बरण्या घ्या. मुरंब्याच्या पाव लिटरच्या चालतील. एकीत शेतातल्या भेंडीची दोन पानं, झाडाच्या मधल्या-वरच्या भागातली. दुसरीत फवारणी कधीच न झालेल्या झाडाची दोन पानं. परसातली, बांधावरची, कुठलीही, पण भेंडीचीच. देठांना ओला कापूस गुंडाळा. पानं धुऊ नका.

एकाच कार्डाचा चिमुकला तुकडा, शंभर-दीडशे काळी अंडी येतील एवढा, दोन्हीत टाका. दुसऱ्या दिवशी किडे निघणार असतील असं कार्ड निवडा. कागदाच्या कपट्यावर मधाची सुईने ओढल्यासारखी बारीक रेघ द्या. थेंब दिलात तर किडे त्यातच चिकटून मरतील आणि निकाल फसेल. तोंडाला टिश्यू पेपरची दुहेरी घडी आणि रबर. मलमलीच्या विणीतून ट्रायकोग्रामा सहज निसटतो. बरण्या सावलीत, एकाच जागी. त्या खोलीत मच्छरांची कॉइल किंवा द्रवाचं मशीन चालू नको. ही उपकरणंसुद्धा पायरेथ्रॉइडवरच चालतात. चाचणी बिघडण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे, आणि कार्ड बिघडण्याचंही. किडे निघायची वाट बघत कार्ड रात्रभर जिथे ठेवलं, तिथेच उशाशी मशीन चालू होतं, अशी गत.

किडे निघाल्यावर २४ तासांनी पांढऱ्या कागदावर झटकून भिंगाने मोजा. चालणारे वेगळे, मेलेले आणि पालथे पडून पाय हलवणारे वेगळे. हे पाय हलवणारे मेल्यातच धरायचे. साध्या पानाच्या बरणीत १०० पैकी १२ मेले आणि शेतातल्या पानाच्या बरणीत ७२, तर औषधामुळे झालेली मर अशी काढतात : ७२ उणे १२ म्हणजे ६०, भागिले १०० उणे १२ म्हणजे ८८, उत्तर ६८ टक्के. साध्या बरणीतच वीसच्या वर मेले असतील तर चाचणी रद्द करा. कार्ड किंवा बरणी खराब आहे.

जैविक नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रयोगशाळेतल्या मरीवरून औषधांचे चार वर्ग पाडलेत : ३० टक्क्यांच्या आत निरुपद्रवी, ३० ते ७९ किंचित घातक, ८० ते ९९ मध्यम घातक, ९९ च्या वर घातक. हे शब्द वाचून भुलू नका. ६८ टक्के मर ‘किंचित घातक’ वर्गात पडते, पण तुमच्या कार्डापुरता अर्थ एवढाच की २०,००० मधले साडेसहा हजारच कामाला उरले. शेतात कार्ड लावायला आम्ही ३० ची रेघ पाळायला सांगतो. त्याच्या वर आकडा आला की कार्ड थांबवा, चार-पाच दिवसांनी पुन्हा पानं आणून चाचणी करा.

कोणत्या औषधानंतर किती थांबायचं

‘फवारणीनंतर सात दिवसांनी कार्ड लावा’ हा सरसकट सल्ला छापील पत्रकांवर असतो. काही औषधांना तो जास्त आहे, काहींना फारच कमी. खालची अंतरं उन्हाळी भेंडीसाठी धरायची. पावसाळ्यात आपल्याकडच्या सरींनी पान धुऊन निघतं. जानेवारी ते मे मात्र थेंब नसतो, आणि पाणी पाटाने किंवा ठिबकने दिलं तर पानावरचा अंश जागच्या जागी राहतो.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड, म्हणजे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन : तीन ते चार आठवडे. ट्रायकोग्रामासाठी यांच्याइतकं वाईट थोडंच काही असेल. स्वस्त असतात, अळी डोळ्यांदेखत पडते, म्हणून हात तिकडेच जातो. फिप्रोनिल याच रांगेत.

ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस वगैरे : दोन ते तीन आठवडे. यातली काही भेंडीवर शिफारशीतच नाहीत. मोनोक्रोटोफॉसला तर २००५ पासून भाजीपाल्यावर बंदी आहे, तरी बाटली गोठ्यात सापडते.

इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामची फवारणी : दोन आठवडे. भेंडीतल्या बहुतेक कार्डांचा घात इथे होतो. केवडा, म्हणजे पांढरी माशी पसरवते तो पानं पिवळी पाडणारा विषाणूरोग, येऊ नये म्हणून पांढऱ्या माशीवर दर दहा दिवसांनी यातलं काहीतरी मारलं जातं आणि वहीत ते ‘रसशोषक’ या रकान्यात जातं. अळीचा रकाना कोरा! याच औषधाने पांढऱ्या माशीच्या कोषावर जगणारा एन्कार्सियाही मरतो, त्यामुळे पांढरी माशी दुप्पट जोमाने येते आणि पुन्हा तेच औषध. बियाण्याला लावलेल्या औषधाचा मात्र इथे प्रश्न नाही. कार्ड फुलं लागताना सुरू होतात, पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, तोवर तो जोर ओसरलेला असतो.

स्पिनोसॅड : दहा दिवस. जिवाणूपासून बनतं म्हणून त्याला ‘जैविक, म्हणजे सुरक्षित’ समजतात. गांधीलमाशी कुळाला ते चांगलंच जहाल आहे.

इमामेक्टिन बेंझोएट : सात दिवस. ताजी फवारणी मारते, पण पानाच्या पृष्ठावरचा भाग उन्हात लवकर मोडतो आणि उरलेलं पानाच्या आत शिरतं. तिथे ते पान खाणाऱ्या अळीला भेटतं, वर चालणाऱ्या ट्रायकोग्रामाला नाही.

क्लोरँट्रानिलीप्रोल : फवारा पूर्ण वाळला की दुसऱ्या दिवशी कार्ड चालतं. भेंडीत अळी हाताबाहेर गेली असेल आणि कार्डही चालू ठेवायची असतील, तर हीच वाट. १८.५ एससी हेक्टरी १२५ मि.लि., एकरी ५० मि.लि. पण हंगामात पुन्हा पुन्हा नको. अळीत प्रतिकारशक्ती आली की हीही वाट बंद.

बीटी (अळी मारणारा जिवाणू) आणि एनपीव्ही (अळी मारणारा विषाणू) : थांबायची गरज नाही. हे अळीने खाल्ल्यावर काम करतात. एनपीव्ही ज्या अळीचा, त्याच अळीला लागतो. घाटे अळीचा विषाणू भेंडीतल्या ठिपक्यांच्या अळीवर मारून काही होत नाही, हे लक्षात ठेवा.

निंबोळी अर्क ५ टक्के : दोन-तीन दिवस. मारत नाही, पण अंड्यावर अर्काचा थर असला की मादी त्यात अंडं घालायला कां-कू करते. ५ किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, १०० लिटर पाण्यात मिसळायची. त्याहून दाट केल्याने फायदा वाढत नाही, अंतर वाढतं.

किडीची वाढ रोखणारी वाढनियंत्रकं, जसं नोव्हाल्युरॉन, बुप्रोफेझिन : प्रौढ ट्रायकोग्रामाला फारशी लागत नाहीत, आत वाढणाऱ्या अवस्थेला लागू शकतात. तीन-चार दिवसांचं अंतर पुरतं.

आणि गंधक. भेंडीवर भुरी आली की विद्राव्य गंधक मारतात. ते बुरशीनाशक, त्यामुळे कीटकनाशकांच्या हिशेबात कुणी धरतच नाही. ट्रायकोग्रामाला गंधक घातक आहे. वहीत गंधक दिसलं तर दहा दिवस तरी थांबा, भुकटी धुरळली असेल तर बरणीची चाचणी केल्याशिवाय कार्ड लावूच नका.

डब्यावरच्या रंगीत त्रिकोणावरून काही ठरवू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे माणसाला आणि जनावराला किती विषारी याचे वर्ग आहेत. निळ्या-हिरव्या त्रिकोणाचं औषध हाताळणाऱ्याला तुलनेने कमी धोक्याचं, मित्रकीटकाला तसं असेलच असं नाही.

वहीत न सापडणारं औषध

अंतरं पाळली, तरी बरणीत किडे मरतात. मग औषध कुठून आलं?

पहिला संशय पंपावर. पाठीवरचा पंप मागच्या वेळी कशासाठी वापरला होता? भाडोत्री असेल तर दुसऱ्याच्या शेतात काय मारलं होतं? टाकीच्या तळाशी, नळीत आणि नोझलच्या गाळणीत राहिलेलं पायरेथ्रॉइड पुढच्या निंबोळी अर्कात मिसळून येतं. टाकी साध्या पाण्याने विसळा, मग १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून ते नळीतून बाहेर काढा, रात्रभर थोडं आत राहू द्या, सकाळी दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. नोझल आणि गाळणी सुटी करून घासा. धुवण ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडायचं नाही. खरं म्हणजे जैविक फवारणीला पंपच वेगळा ठेवावा, टाकीवर रंगाचा पट्टा ओढून.

दुसरं, चिकटद्रव्य. सिलिकॉनचं चिकटद्रव्य पाणी इतकं पसरवतं, की एवढ्याशा किड्याची श्वासरंध्रं भिजून तो गुदमरतो. किडे निघायच्या सुमारास बीटीबरोबर ते टाकायची गरज नाही.

तिसरं, शेजारचा बांध. आपल्याकडचे तुकडे पाच-दहा गुंठ्यांचे. शेजाऱ्याने वाऱ्याच्या दिशेने सायपरमेथ्रिन मारलं की चार ओळी गेल्याच. दुपारनंतर खाडीकडून वारा उठतो, म्हणून फवारणी सकाळी लवकर करायला शेजाऱ्याला सांगा आणि बांधाकडच्या दोन मीटरच्या पट्ट्यात कार्डाचे तुकडे टाचू नका. मक्याच्या दोन ओळी कडेला असतील तर उडून येणारे थेंब बरेचसे तिथेच अडतात.

चौथं शहराच्या कडेलाच भेटतं. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत वस्तीत धुराची फवारणी होते, बहुधा पायरेथ्रॉइडची. घोडबंदर, कळवा, बेलापूर भागात सोसायटीला लागून मळे आहेत, गच्चीवर भाज्या आहेत. धूर तिथे पोचतोच. गाडी कधी येणार ते सोसायटीत किंवा वॉर्डात विचारून ठेवा आणि धुरानंतर निदान आठवडाभर कार्ड लावू नका.

पुन्हा बसवायचं कसं

चालू हंगामातच घडी बसवायची, तर क्रम असा. घातक गटाची शेवटची फवारणी कोणत्या दिवशी झाली ते वहीतून काढा आणि वरची अंतरं मोजून कार्डाची तारीख धरा. मधल्या काळात किडके शेंडे आणि फळं दर तोड्याला वेगळी काढून खड्ड्यात पुरा. बांधावर फेकलेल्या फळातून पतंग निघतो. नुकसान ५ टक्के फळांच्या वर असेल तर एकदा क्लोरँट्रानिलीप्रोल किंवा बीटी. ठिपक्यांच्या अळीचे कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे, एकरी पाच. सापळ्यात पतंग येऊ लागले की दोन दिवसांत पहिलं कार्ड, कारण या पतंगाचं अंडं तीन-चार दिवसांतच फुटतं आणि ट्रायकोग्रामाला ताजंच अंडं हवं असतं. म्हणूनच कार्डातून निघालेले किडे पहिल्याच दिवशी मेले, तर पुढचं कार्ड येईपर्यंत घातलेली सगळी अंडी सुटतात. सलग सहा आठवडे कार्ड चालवा. एप्रिलनंतर मुरबाडकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आठवड्याऐवजी पाच दिवसांनी लावा.

खरा पेच पांढऱ्या माशीचा आहे, तो सुटला नाही तर सगळं पुन्हा तिथेच. केवड्याला बळी पडणारं वाण लावून वर दर दहा दिवसांनी इमिडाक्लोप्रिड मारत राहिलं, तर कार्डाचे पैसे वाचवलेले बरे. केवड्याला तोंड देणारं वाण निवडणं हाच त्यातला अर्धा उपाय. परभणी क्रांती, अर्का अनामिका ही जुनी नावं त्यासाठीच प्रसिद्ध झाली. पिवळे चिकट सापळे एकरी दहा-बारा, पेरणीनंतर पंधराव्या दिवसापासून. केवड्याचं पहिलं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटा. निंबोळी अर्क कार्डानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसवा, पुढच्या कार्डाला तेवढंच अंतर राहतं. सकाळी दव पडतं त्या दिवसांत पांढऱ्या माशीला मारणाऱ्या लेकॅनिसिलियम बुरशीचा चांगला उपयोग होतो, फवारणी संध्याकाळी उशिरा. आणि रासायनिक मारावंच लागलं तर सगळं शेत नका झोडपू. जिथे पानामागे माशी दिसते तेवढे वाफे मारा, एक वाफा आड सोडा. सोडलेल्या वाफ्यांतून ट्रायकोग्रामा, एन्कार्सिया पुन्हा पसरतात. बांधावर कोथिंबीर आणि बडीशेप फुलावर येऊ द्या. मध न मिळालेला ट्रायकोग्रामा दीड-दोन दिवसांत संपतो, मिळाला तर पाच-सात दिवस काम करतो. त्या फुलांवर चुकूनही फवारा नको.

कार्ड लागू पडतंय का, हे शेतात बघायचं तर

किडक्या फळांचा आकडा उशिरा कळतो. अंडी बघा. ठिपक्यांच्या अळीचा पतंग कळ्या, कोवळे शेंडे, लहान फळं यांवर एकेकटं अंडं घालतो; निळसर हिरवं, वर कंगोरे असलेलं. कार्ड लावल्यानंतर पाचव्या दिवशी भिंग घेऊन शेताच्या वेगवेगळ्या भागांतली वीस-पंचवीस अंडी शोधा. परोपजीवी झालेलं अंडं सगळीकडून सारखं काळंभोर दिसतं. फुटायला आलेल्या चांगल्या अंड्यातही वरच्या टोकाला काळा ठिपका असतो, ते अळीचं डोकं. बाकीचं अंडं फिकटच असतं. रिकामं कवच सापडलं तर भोक बघा. कवच काळं आणि भोक लहान, गोल, स्वच्छ, तर ट्रायकोग्रामा. कवच पारदर्शक, चुरगळलेलं, तोंड फाटलेलं, तर अळी बाहेर पडून फळात गेली.

भात, पपई, गच्ची

खरिपाच्या भातात खोडकिड्यासाठी जॅपोनिकमचं प्रमाण हेक्टरी एक लाख, म्हणजे एकरी दोन कार्डं. पाऊस असतो, म्हणून तुकडा कामटीवर कागदी पेल्याच्या आत चिकटवा आणि पीक वाढेल तशी कामटी उंच करा. पानांवर पायरेथ्रॉइड मारलं की खोडकिड्याबरोबर तुडतुड्यांच्या अंड्यांवरचे परोपजीवीही जातात आणि महिन्याभरात तपकिरी तुडतुडा उसळतो. भातात हे गट टाळाच. औषध लागलंच तर दाणेदार, चिखलात. पानावर तेवढा अंश राहत नाही.

पपईवरच्या पांढऱ्या पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये अॅसेरोफेगस पपायी हा परोपजीवी प्वेर्तो रिकोहून भारतात आणून सोडला आणि त्याने ती कीड आटोक्यात आणली. तेव्हापासून पपईवर जहाल औषध मारणं म्हणजे फुकटचा राखणदार घालवणं. पिठ्या ढेकणांत फुगून कडक झालेले, तपकिरी पडलेले दिसले तर ते पान तोडून जाळू नका.

गच्चीवरच्या दहा-पंधरा कुंड्यांना कार्डाची गरज नाही. तिथे मावा बघा. फुगलेला, सोनेरी-तपकिरी, हलत नसलेला मावा म्हणजे आत परोपजीवी आहे. साबणाचं पाणी, लिटरला पाच मि.लि., वाळल्यावर निरुपद्रवी. तेवढ्याच फांदीवर मारा. बाजारातला घरगुती झुरळ-मुंगीचा फवारा झाडावर मारू नका.

कार्ड मागवताना एक विचारून घ्या : ट्रायकोग्रामाचं वाण साधं की औषध सोसणारं? बेंगळुरूच्या कृषी कीटक संसाधन संस्थेने चिलोनिसचं एंडोसल्फान सोसणारं ‘एंडोग्राम’ हे वाण तयार केलं होतं. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानच बंद केलं. अनेक औषधं आणि जास्त तापमान सोसणारी वाणंही त्यांनी काढली आहेत. तसं वाण मिळालं तरी ते कोणत्या औषधासाठी निवडलंय ते पुरवठादाराकडून लिहून घ्या. एक औषध सोसणारा दुसरं सोसेलच असं नाही. नीट उत्तर मिळालं नाही तर कार्ड साधंच समजा आणि वरची अंतरं पाळा.